न्यूट्रॉनचा जमाखर्च

अणुशक्तीचा विषय निघाला की आपल्याकडील चर्चा बहुधा दोनच ठिकाणी जाऊन थांबते. एक हिरोशिमा आणि दुसरे तारापूर. बॉम्ब आणि वीज या दोन्हींच्या मुळाशी जी एक साधी राशी आहे, तिचे नाव मात्र कला शाखेच्या विद्यार्थ्याच्या कानावर सहसा पडत नाही. मराठी परिभाषेत तिला ‘काटच्छेद’ म्हणतात. प्रस्तुत लेखात हा काटच्छेद म्हणजे काय, तो मोजतात कसा आणि त्याचा आपल्याशी संबंध काय, हे सांगण्याचा प्रयत्न केला आहे.

मी अर्थशास्त्राचा विद्यार्थी. या विषयाकडे मी वळलो तो थोरियममुळे. भारताच्या ऊर्जासाधनांवरील कोणतेही प्रकरण उघडा. केरळ, तामिळनाडू व ओडिशाच्या किनाऱ्यावरील वाळूत थोरियमचे मोठे साठे आहेत, हे वाक्य त्यात असतेच. डॉ. होमी भाभा यांनी १९५४ साली मांडलेल्या त्रिस्तरीय योजनेचा शेवटचा टप्पाही थोरियमचाच आहे. मग इतक्या वर्षांत आपले दिवे थोरियमवर का लागले नाहीत? याला कारणे अनेक आहेत. परंतु त्यांतले मूळ कारण एका जमाखर्चात आहे. तो जमाखर्च पैशांचा नव्हे, न्यूट्रॉनांचा. आणि त्या वहीतील प्रत्येक नोंद म्हणजे कोणता ना कोणता काटच्छेद असतो.

मडकी आणि दगड

समजा, एका भिंतीचे क्षेत्रफळ १०० चौरस फूट आहे आणि तिच्यावर सारख्या आकाराची १० मडकी टांगली आहेत. रात्र काळोखी आहे. मडकी दिसत नाहीत. आपण नेम न धरता त्या भिंतीवर सगळीकडे मिळून १००० दगड मारले आणि ५० वेळा मडक्यावर दगड लागल्याचा आवाज ऐकला. आवाज १००० पैकी ५० वेळा आला, म्हणजे भिंतीचा विसावा भाग, अर्थात ५ चौरस फूट जागा, मडक्यांनी व्यापलेली असली पाहिजे. मडकी दहा, तेव्हा एका मडक्याची समोरून दिसणारी जागा अर्धा चौरस फूट. मडके न पाहता आपण त्याचा आकार काढला.

अणुकेंद्राच्या बाबतीत शास्त्रज्ञ हेच करतात. दगडांच्या जागी न्यूट्रॉन, भिंतीच्या जागी धातूचा पातळ पत्रा आणि कानाच्या जागी किरणमोजणीचे उपकरण. किती मारले, समोर किती होते आणि किती लागले, या तीन मोजण्यांतून जे क्षेत्रफळ निघते, तोच काटच्छेद.

हे क्षेत्रफळ इतके लहान असते की त्याला चौरस सेंटिमीटर हे माप चालत नाही. एका चौरस सेंटिमीटरचे, एकावर चोवीस शून्ये इतके भाग केले तर त्यांतल्या एका भागाला ‘बार्न’ म्हणतात. इंग्रजीत बार्न म्हणजे शेतावरचे कोठार. डिसेंबर १९४२ मध्ये अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात होलोवे आणि बेकर या दोन शास्त्रज्ञांनी हे नाव सुचविले. अणुकेंद्रांच्या मानाने एवढी जागा म्हणजे कोठारच, हा त्यातला विनोद.

काटच्छेद म्हणजे आकार नव्हे

येथपर्यंत सारे सोपे आहे. गंमत पुढे आहे. मडक्याचा आकार कोणी कितीही जोराने दगड मारला तरी बदलत नाही. काटच्छेद मात्र बदलतो. थोरियमच्या अणुकेंद्राचे खरे भौमितिक क्षेत्रफळ काढले तर ते पावणेदोन बार्नच्या आत-बाहेर येते. परंतु सेकंदाला २२०० मीटर वेगाने जाणारा, म्हणजे अणुभट्टीच्या हिशेबाने मंद, न्यूट्रॉन गिळंकृत करण्याचा थोरियमचा काटच्छेद ७.४ बार्न आहे. प्रत्यक्ष आकाराच्या चौपटीहून अधिक. तेव्हा काटच्छेद हा अणुकेंद्राचा आकार नसून, अमुक वेगाचा न्यूट्रॉन आला असता अमुक घटना घडण्याच्या संभवाचे ते माप आहे. न्यूट्रॉन नुसता आपटून दुसरीकडे जाईल, आत ग्रहण केला जाईल, किंवा अणुकेंद्राचे भंजन करील. प्रत्येक घटनेचा काटच्छेद निराळा असतो.

वेग कमी झाला की ग्रहणाचा काटच्छेद बहुधा वाढतो. वेग निम्मा झाला तर तो दुप्पट होतो. नांदेडच्या वजिराबादेतून मोटारसायकलवर गेलेल्या माणसाला कोणी हटकत नाही. तोच पायी निघाला तर चार ओळखीचे भेटतात आणि त्यांतला एखादा चहाला ओढून नेतो. अणुकेंद्राच्या शेजारी न्यूट्रॉन जितका जास्त वेळ काढील, तितका तो पकडला जाण्याचा संभव अधिक. याखेरीज, काही ठराविक ऊर्जांना काटच्छेद एकाएकी आभाळाला भिडतो. यास अनुस्पंदन म्हणतात. युरेनियम-२३८ मध्ये ६.७ इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेपाशी तो हजारो बार्नवर चढतो आणि लगेच खाली येतो.

या आकड्यांवर कारखाने उभे राहतात, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. साध्या हायड्रोजनचा मंद न्यूट्रॉन-ग्रहणाचा काटच्छेद ०.३३ बार्न, जड हायड्रोजनचा ०.०००५ बार्न. साडेसहाशे पटींचा हा फरक आहे म्हणून आपल्या अणुभट्ट्यांना जड पाणी लागते, आणि जड पाणी लागते म्हणून रायगड जिल्ह्यात थळ येथे त्याचा कारखाना आहे.

आकडा माहीत नसेल तर काय होते, याचेही उदाहरण आहे. सप्टेंबर १९४४ मध्ये अमेरिकेतील हॅनफर्ड येथील मोठी अणुभट्टी सुरू झाली आणि काही तासांतच आपोआप मंदावत बंद पडली. काही वेळाने ती पुन्हा चालू शकली, पुन्हा मंदावली. भंजनातून तयार होणारा झेनॉन-१३५ हा वायू न्यूट्रॉन खाऊन टाकीत होता. त्याचा काटच्छेद सुमारे २६ लाख बार्न आहे आणि तोवर तो कोणालाच ठाऊक नव्हता. भट्टीच्या आराखड्यात गरजेपेक्षा जास्त इंधननळ्यांची सोय करून ठेवली होती, म्हणून काम निभावले.

दोन खर्च आणि शिल्लक

आता थोरियमच्या वहीकडे वळू. थोरियम स्वतः मंद न्यूट्रॉनने फुटत नाही. ते इंधन नव्हे, इंधनाचा कच्चा माल आहे. थोरियम-२३२ ने एक न्यूट्रॉन घेतला की थोरियम-२३३ होते. त्याचे अर्धायुष्य २२ मिनिटे. त्यातून प्रोटॅक्टिनियम-२३३ तयार होते. त्याचे अर्धायुष्य २७ दिवस. त्यानंतर मिळते युरेनियम-२३३, आणि हे मात्र उत्तम इंधन आहे.

युरेनियम-२३३ च्या एका भंजनात सरासरी २.४९ न्यूट्रॉन बाहेर पडतात. परंतु त्याने घेतलेला प्रत्येक न्यूट्रॉन भंजन घडवीत नाही. काही नुसतेच जिरतात. भंजनाचा काटच्छेद ५३१ बार्न, नुसत्या ग्रहणाचा सुमारे ४५.५ बार्न. म्हणजे ५७६.५ मध्ये ५३१ वेळा भंजन. २.४९ ला या प्रमाणाने गुणले की उत्तर येते २.२९. एक न्यूट्रॉन गुंतविला की २.२९ परत येतात, असा हा व्यवहार आहे.

त्यातला एक न्यूट्रॉन पुढचे भंजन घडविण्यासाठी राखून ठेवला पाहिजे, नाहीतर भट्टी विझेल. दुसरा थोरियमला दिला पाहिजे, नाहीतर जळालेल्या इंधनाची भरपाई होणार नाही. उरले ०.२९. भट्टीच्या भिंतीतून निसटणारे, पोलादात व पाण्यात जिरणारे, झेनॉनने खाल्लेले असे सगळे न्यूट्रॉन या ०.२९ मधूनच भागवायचे आहेत. युरेनियम-२३५ चा असाच हिशेब केला तर परतावा २.०८ येतो, शिल्लक अवघी ०.०८. मंद न्यूट्रॉनांच्या भट्टीत इंधनाची पूर्ण भरपाई करण्याची आशा थोरियमच्या साखळीत आहे, ती या ०.२९ मुळे.

पण शिल्लक किती बारीक आहे पाहा. वर घेतलेल्या ४५.५ बार्नच्या आकड्यात दहा टक्क्यांची चूक असती आणि खरा आकडा ५० असता, तर परतावा २.२८ च्या खाली गेला असता. पाहायला हा फरक क्षुल्लक. पण शिल्लकीतून पाहिले तर तिचे जवळजवळ सहा टक्के गेले.

दुसरी अडचण वेळेची. न्यूट्रॉनांचा प्रवाह दर चौरस सेंटिमीटरला दर सेकंदास एकावर चौदा शून्ये इतका दाट असला, तरी थोरियमच्या हजार अणूंपैकी वर्षभरात सुमारे २३ अणूच बदलतात. मग प्रवाह आणखी दाट का करू नये? कारण मध्ये प्रोटॅक्टिनियम बसले आहे. युरेनियम होण्याची वाट पाहत असताना त्याने न्यूट्रॉन घेतला, तर त्यातून पुढे युरेनियम-२३४ होते, आणि ते मंद न्यूट्रॉनने फुटणारे इंधन नव्हे. म्हणजे न्यूट्रॉनही गेला आणि व्हावयाचे इंधनही गेले. मंद न्यूट्रॉनांसाठी प्रोटॅक्टिनियमचा ग्रहण-काटच्छेद सुमारे ४० बार्न आहे. वरच्या प्रवाहात त्यामुळे शंभरात एकाहून थोडे अधिक अणू वाया जातात. प्रवाह दुप्पट केला की ही तूटही जवळजवळ दुप्पट. घाई करावी तर घट वाढते. संथ जावे तर भांडवल अडकून पडते. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला ही कोंडी समजावून सांगण्याची गरज नाही.

मोजण्याच्या रीती

काटच्छेद मोजण्याची सर्वांत सरळ रीत म्हणजे पत्र्याच्या अलीकडे किती कण होते आणि पलीकडे किती पोचले, हे पाहणे. जे कमी झाले ते लागले. न्यूट्रॉनांऐवजी गॅमा किरण घेऊनही हेच गणित करता येते. मग मिळतो तो अणूशी किंवा रेणूशी होणाऱ्या आंतरक्रियेचा काटच्छेद. असे काम आपल्या मराठवाड्यातही झाले आहे. छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठातील भौतिकशास्त्र विभागातून ॲमिनो आम्लांमध्ये गॅमा किरण किती शोषले जातात याची मोजमापे प्रसिद्ध झाली आहेत. नांदेड-लातूरची महाविद्यालये १९९४ पर्यंत याच विद्यापीठाशी जोडलेली होती, हे येथे आठवावे.

दुसरी रीत किरणोत्सर्गाची. थोरियमचा पत्रा न्यूट्रॉनांत ठेवायचा, काढायचा आणि त्यातून तयार झालेले प्रोटॅक्टिनियम मोजायचे. ते क्षय पावताना ३१२ किलो-इलेक्ट्रॉन व्होल्टचे गॅमा किरण सोडते. ती त्याची सहीच. सह्या मोजल्या की अणू मोजले गेले. तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी या रीतीने थोरियमचा काटच्छेद मोजला आहे. पुणे विद्यापीठातही १४ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेचे न्यूट्रॉन देणाऱ्या यंत्रावर निरनिराळ्या मूलद्रव्यांची अशी मोजमापे झाली.

तिसरी रीत शर्यतीची. सर्व न्यूट्रॉन एकाच क्षणी सोडायचे आणि दूर अंतरावर ते केव्हा पोचतात ते पाहायचे. जिनीव्हाजवळील सर्न प्रयोगशाळेत ही वाट १८५ मीटर लांब आहे. एक इलेक्ट्रॉन व्होल्टचा न्यूट्रॉन ती तेरा मिलिसेकंदांत चालून जातो. दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्टचा त्याच्या हजारपट लवकर पोचतो. पोचण्याच्या वेळेवरून ऊर्जा कळते आणि प्रत्येक ऊर्जेचा काटच्छेद वेगवेगळा काढता येतो.

गणिताची बाजू

सगळेच मोजता येत नाही. समस्थानिके शेकडो, ऊर्जा असंख्य. म्हणून गणिताचा आधार घ्यावा लागतो. इलेक्ट्रॉनसारख्या साध्या कणांच्या बाबतीत सिद्धांतावरून काटच्छेद अचूक काढता येतो. डॉ. भाभांनीच केंब्रिजला असताना इलेक्ट्रॉन व पॉझिट्रॉन यांच्या टकरीचा काटच्छेद गणिताने काढला. तो १९३६ साली प्रसिद्ध झाला आणि जगभर आजही ती घटना त्यांच्याच नावाने ओळखली जाते. अणुकेंद्रात मात्र दोनशेच्या वर कण एकमेकांत गुंतलेले असतात. तेथे नेमके उत्तर काढणे शक्य नसते. प्रतिकृती कल्पून, मोजलेल्या आकड्यांशी ताडून पाहत पुढे जावे लागते.

यांतली सर्वांत उपयोगी कल्पना नील्स बोर यांनी १९३६ साली मांडली. लातूरकरांना ती चटकन कळेल. गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. माणूस कोणत्याही रस्त्याने येवो, गोलाईच्या गर्दीत एकदा मिसळला की तो कोणत्या रस्त्याने आला हे त्याच्याकडे पाहून सांगता येत नाही. तो बाहेर कोणत्या रस्त्याने पडेल, हे त्या गर्दीवर आणि रस्त्यांच्या रुंदीवर अवलंबून. बोर म्हणतात, न्यूट्रॉन आत शिरला की त्याची ऊर्जा सर्व कणांत वाटली जाते आणि एक तापलेले संयुक्त अणुकेंद्र बनते. ते आपला पूर्वेतिहास विसरते. पुढे न्यूट्रॉन फेकायचा, गॅमा किरण सोडायचा की दोन तुकडे व्हायचे, हे त्याची स्वतःची ऊर्जा व घडण ठरवते. प्रत्येक रस्त्याने जाण्याचे प्रमाण काढणे, हेच काटच्छेदाच्या गणिताचे मुख्य काम.

कुलाब्याची आडवाट

ही कल्पना केवळ वहीत राहिली नाही. प्रोटॅक्टिनियम-२३३ वर वेगवान न्यूट्रॉन आदळला तर भंजन किती होते, हा आकडा थोरियमच्या अभ्यासाला हवा होता. पण २७ दिवसांत निम्मा होणारा आणि सतत किरणे फेकणारा पदार्थ पत्रा करून समोर ठेवणार कसा? बेल्जियममधील गील येथील प्रयोगशाळेने २००२ साली हे थेट मोजमाप केले खरे, पण ते कमी ऊर्जेच्या टप्प्यापुरते होते.

मुंबईत कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या आवारात, ती संस्था आणि भाभा अणुसंशोधन केंद्र यांचा संयुक्त पेलेट्रॉन वेगवर्धक १९८८ च्या अखेरीस सुरू झाला. त्याच्यावर भाभा केंद्राच्या शास्त्रज्ञांनी निराळा मार्ग काढला. प्रोटॅक्टिनियम-२३३ आणि न्यूट्रॉन मिळून काय होते? प्रोटॅक्टिनियम-२३४. मग गोलाईत पोचायचेच आहे, तर दुसऱ्या रस्त्याने का जाऊ नये? थोरियम सहज मिळते आणि टिकते. त्याच्यावर लिथियम-६ चे कण सोडले. लिथियम कधी मोडतो. त्यातला अल्फा कण बाहेर निसटतो आणि उरलेला भाग थोरियममध्ये शिरतो. तयार होते तेच तापलेले प्रोटॅक्टिनियम-२३४. अल्फा कण दिसला त्याच वेळी भंजनाचे तुकडेही दिसले का, एवढेच मोजायचे.

याच प्रयोगात कधी उलटही घडते. अल्फा आत जातो आणि उरलेला ड्यूटेरॉन बाहेर येतो. तेव्हा युरेनियम-२३६ बनते. युरेनियम-२३५ मध्ये न्यूट्रॉन शिरल्यावर जे होते तेच हे, आणि त्याचा भंजन-काटच्छेद आधीच उत्तम माहीत आहे. तोच तराजूतले वजन म्हणून वापरला. दोहोंच्या भंजनप्रमाणांची तुलना आणि दोन्ही संयुक्त अणुकेंद्रे बनण्याचे गणिताने काढलेले काटच्छेद, यांवरून हवा तो आकडा काढला. अशा रीतीने ११.५ ते १६.५ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट या टप्प्यातील प्रोटॅक्टिनियमचा भंजन-काटच्छेद २००८ साली प्रसिद्ध झाला. ज्या पदार्थाचा पत्रा करणे जिकिरीचे, त्याचा आकडा तो समोर न ठेवताच हाती आला. मोजणी आणि गणित यांनी एकमेकांचा हात धरल्याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

आकड्यामागचा आकडा

थोरियम हे केवळ कागदावरचे स्वप्न नाही. तुर्भे येथे १९८४ साली पूर्णिमा-२ आणि कल्पाक्कमला १९९६ साली ३० किलोवॅटची कामिनी, या दोन छोट्या भट्ट्या युरेनियम-२३३ वर क्रांतिक झाल्या. परंतु प्रयोगाची भट्टी आणि गावोगाव वीज पुरविणारी भट्टी यांत मोठे अंतर आहे. मोठ्या भट्टीचा आराखडा करणारा अभियंता छापील तक्त्यांतून काटच्छेद उचलतो. तक्त्यात प्रत्येक आकड्यापुढे अधिक-उणे चिन्ह देऊन अनिश्चितता लिहिलेली असते. ती मोठी असेल तर अभियंत्याला जास्त इंधन, जाड भिंती आणि जास्त राखीव सोय धरावी लागते. अज्ञानाची किंमत रुपयांतच मोजावी लागते. म्हणून अधिक-उणे चिन्ह नसलेला आकडा हा शास्त्रात अर्धाच आकडा समजतात. आम्हां अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी हा एवढा गुण जरी उचलला तरी पुष्कळ होईल.

या कामात मोठ्या यंत्रांइतकीच चिकाटीची नोंदही लागते. जगभर झालेली मोजमापे एका आंतरराष्ट्रीय संग्रहात जमा केली जातात. भारतात २००६ पासून त्यासाठी कार्यशाळा भरत आल्या आणि विद्यापीठांतील शिक्षक व संशोधक विद्यार्थी जुन्या-नव्या प्रयोगांचे आकडे तपासून त्यात नोंदवू लागले. हे काम झगमगाटाचे नाही. त्याला पारितोषिक नाही की टाळ्या नाहीत. आमच्या विज्ञान शाखेच्या मित्रांनी उद्या अशा कामात हात घातला तर नांदेड-लातूरकडच्या कोणाची तरी एखादी नोंद त्या वहीत पडेल. आणि ती खरी असेल, तर ०.२९ च्या त्या शिल्लकीबद्दल आपण आजच्यापेक्षा थोड्या अधिक खात्रीने बोलू शकू.